दुसऱ्याचं ऊन

हवामान खातं जे तापमान सांगतं, ते सावलीचं असतं. पुष्कळांना हे ठाऊक नसतं. गवतावर उभी केलेली पांढरी लाकडी पेटी, तिला चारी बाजूंनी झडपांच्या फटी, दार उत्तरेकडे, आणि आत साधारण छातीच्या उंचीवर तापमापक. थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश अभियंत्याची ही युक्ती. ('ट्रेझर आयलंड' लिहिणारा स्टीव्हन्सन याचाच मुलगा.) थेट ऊन, तापलेली जमीन, भिंतीची झळ, यांतलं काहीही आत शिरू नये, फक्त हवा शिरावी, एवढंच त्या पेटीचं काम. शास्त्र म्हणून ते बरोबरच आहे, नाहीतर एका गावाची दुसऱ्या गावाशी तुलना कशी करणार? पण मे महिन्यात पेपरात 'रायपूर ४४ अंश' असं येतं, तेव्हा ते हिरवळीवर, पांढऱ्या पेटीत, झडपा लावून बसलेल्या माणसाचं तापमान असतं. असा माणूस मला बीरगांवात अजून भेटलेला नाही.

आमचं हवामान केंद्र लालपूरला. दुसरी नोंद माना विमानतळावरची. दोन्ही जागा शहराच्या दक्षिण अंगाला. मी राहते उत्तरेला, बीरगांवात, बिलासपूर रस्त्यावर, उरला औद्योगिक वसाहतीला लागून. पुढे सिलतरा. चौबे कॉलनीतून ऑटोत बसलं की फाफाडीहपर्यंत ऊन नुसतं ऊन असतं. भनपुरी आली की त्यात काहीतरी मिसळतं. झाडं विरळ होतात, ट्रकांच्या रांगा लागतात, आणि हवा गालावर न लागता गालाला चिकटते. घराजवळ उतरावं तर पत्र्याची छपरं, सिमेंटचे रस्ते, त्यांच्या मागे चिमण्या. उन्हाळ्यात पूर्वी लोक गच्चीवर खाटा टाकून झोपत. आता गच्चीवर काळी धूळ बसते. संध्याकाळी झाडून काढली तरी सकाळी चादरीवर असतेच.

उरला-सिलतऱ्यात लोखंड तयार होतं. खनिज आणि कोळसा लांबच लांब फिरत्या भट्टीत हजार अंशांच्या आसपास भाजतात, त्याचं स्पंज आयर्न होतं. ते पुढे विजेच्या भट्टीत सोळाशेच्या घरात वितळवतात आणि मग रोलिंग मिलमध्ये त्याचा सरिया, म्हणजे बांधकामाची सळई, निघतो. तुमच्या मुंबई-पुण्याच्या स्लॅबमध्येही आमच्याकडचा असेल. ती फिरती भट्टी एकदा पेटवली की दुरुस्तीला थांबेपर्यंत विझत नाही. सूर्य मावळतो, ती मावळत नाही. सगळा फरक इथे आहे, आणि तो दुपारी कळत नाही, रात्री कळतो. तेलीबांधा तलावाच्या काठाला रायपूरकर मरीन ड्राइव्ह म्हणतात (हौस दांडगी, समुद्र कितीही लांब असो). तिथे रात्री नऊला वारा सुटतो तेव्हा आमच्या भिंतीला हात लावून बघावा.

मी नर्स होते. नोकरीची बरीच वर्षं अशाच कारखान्यांच्या आसपासच्या एका दवाखान्यात गेली. 'लू लग गई' म्हणून माणूस आणतात तेव्हा आधी त्याचं बोलणं ऐकायचं. बरळत असेल, आपलं नाव चुकत असेल, आणि ताप चाळीसच्या वर असेल, तर सलाईनची सुई शोधत बसायचं नाही. आधी कपडे सैल, ओली चादर, पंखा, काखेत-जांघेत बर्फ. मिनिटांचा हिशेब असतो. ऊन ऐन भरात असताना माणसं येतील असं नवीन मुलींना वाटायचं. प्रत्यक्षात कितीतरी जण पाळी सुटताना यायचे, ऊन उतरल्यावर. दिवसभर शरीरानं उधारीवर चालवलेलं असायचं.

निवृत्तीनंतर रविवारी गीतेच्या वर्गाला जाऊ लागले. रायपूरची मराठी वस्ती भोसल्यांच्या काळापासूनची, तात्यापारा हे नावच तिची साक्ष आहे. गीता तर इथे आणखी एका वाटेनं मुरलेली. टिळकांच्या 'गीतारहस्या'चं हिंदी भाषांतर करणारे माधवराव सप्रे इथलेच, 'दासबोध'ही त्यांनीच हिंदीत नेला. वर्गात हे अभिमानानं सांगतात, आणि मलाही त्याचा अभिमान आहे. तर दुसऱ्या अध्यायात ती जागा आली, जिथे भगवंत अर्जुनाला सांगतात की थंडी-ऊन, सुख-दुःख ही इंद्रियांना विषय भिडल्यानं होतात, येतात आणि जातात, टिकत नाहीत, तेव्हा ती सोस. शिकवणारे गृहस्थ विद्वान आहेत. त्यांनी विवेकचूडामणीतली तितिक्षेची व्याख्याही सांगितली: दुःखावर उपाय करायला न धावता, त्याची चिंता किंवा रडगाणं न करता ते सोसणं. मग म्हणाले, यंदाच्या नवतप्याला, मे अखेरीच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, सगळ्यांनी हाच अभ्यास करावा. खोलीत एसी चालू होता.

एसीवर मला टोमणा मारायचा नाही. तिथे सत्तरीच्या पुढचे लोक असतात, त्यांना तो हवाच. पण एसी ऊन नाहीसं करत नाही, खोलीतली उष्णता उपसून बाहेर टाकतो, आणि वर स्वतःची थोडी घालतो. मागच्या बोळात त्याचा डबा होता, आणि त्या बोळात इस्त्रीवाल्याची टपरी. तास संपेपर्यंत माझं लक्ष अध्यायात लागलं नाही. आम्ही तितिक्षेवर बोलत होतो आणि ती करत होता तो.

भगवंतांचं ते सांगणं मला लबाडीचं वाटत नाही. उलट, आजारपणात मला त्याचाच आधार झालेला आहे. पण त्याला दोन पाय आहेत. एक, हे 'तू सोस' असं आहे, 'त्यांना सोसू दे' असं नाही. रथात बसलेल्या, हातपाय गळालेल्या एका राजपुत्राला ते सांगितलं, आणि कशासाठी? त्यानं उठून काम करावं म्हणून. टिळकांनी तर अख्खा ग्रंथ याच एका गोष्टीसाठी लिहिला. तोही मंडालेच्या तुरुंगात, लाकडी फळ्यांच्या कोठडीत, जिथल्या उन्हाची आणि धुळीची वर्णनं आपण वाचलेली असतात. त्या ग्रंथाचा खर्डा त्यांनी नोव्हेंबर १९१० ते मार्च १९११ या महिन्यांत उतरवला. म्हणजे हिवाळ्यात. मला हे वाचून फार बरं वाटलं. एवढा मोठा माणूस, पण शरीराला कोणता ऋतू झेपतो हा हिशेब त्यालाही चुकला नसणार.

दुसरा पाय म्हणजे 'येतात आणि जातात'. सोसायचं कारणच ते दिलंय, की हे टिकणारं नाही. रोहिणी सरली की मृग लागतो, ही ऋतूची खात्री आहे. पण जी उष्णता भट्टीतून येते, जी पत्र्यात, सिमेंटमध्ये, बुजवलेल्या तळ्याच्या जागी उभ्या राहिलेल्या गोदामात साठते, ती ऋतूची नाही. ती कुणीतरी कुठेतरी ठरवून ठेवलेली आहे. रात्री चिमणीचं धूळ पकडणारं यंत्र चालवायचं की वीज वाचवायची, हा निर्णय निसर्ग घेत नाही. त्याला शीतोष्ण म्हणून भगवंतांच्या नावावर टाकणं मला पटत नाही.

वर्गात एका बाईंनी 'प्रारब्ध' म्हटलं. ज्याचं त्याचं प्रारब्ध. मी म्हटलं, मग एसीच्या पाइपातून आपलं प्रारब्ध त्या इस्त्रीवाल्याकडे कसं जातं, तेवढं सांगा. त्या रागावल्या नाहीत, हसल्या. पण विषय तिथेच राहिला.

माझी मुलगी मुलुंडला असते. ती म्हणते, 'आई, तुमचे चव्वेचाळीस परवडले, आमचे अडतीस नाही.' यात तथ्य आहे. मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणायला पारा किमान चाळीसला जावा लागतो, किनाऱ्यावर सदतीसलाच विचार सुरू होतो, कारण दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. मुंबईची तर शहरातल्या शहरात दोन तापमानं: कुलाबा आणि सांताक्रूझ. कुलाब्याला तीन बाजूंनी समुद्र. मार्चमध्ये पूर्वेचे कोरडे वारे जोर धरतात, समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा येतो, आणि तोवर सांताक्रूझ तापून निघतं. पण सांताक्रूझची पेटीसुद्धा विमानतळाच्या मोकळ्या आवारातली. गोवंडीतल्या पत्र्याखालच्या पोटमाळ्यात कुणी पेटी बसवलेली नाही.

आणि १६ एप्रिल २०२३. खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता, लाखो श्रीसदस्य, म्हणजे पुरस्कार घेणाऱ्यांचे अनुयायी, जमले होते. व्यासपीठावर छप्पर होतं, मैदानावर नव्हतं. चौदा माणसं उष्माघातानं गेली. पारा चाळीसलाही गेलेला नव्हता. मुलीनं फोन केला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे दवाखान्याची ओली चादर आली. ती माणसं अडाणी नव्हती. ती श्रद्धेनं बसली होती, शिस्तीनं बसली होती, उठून जाणं त्यांना अनादर वाटला असेल. सोसणं त्यांचं होतं आणि ते मी हलकं लेखणार नाही. पण त्यांच्या डोक्यावर कापड घालणं हे ज्यांचं काम होतं, त्यांना त्या सोसण्याचं श्रेय मिळत नाही.

पंचाग्नी साधना म्हणतात ती ठाऊक असेल: चारी दिशांना चार अग्नी, पाचवा डोक्यावर सूर्य. पार्वतीनं शंकरासाठी ती केली, कालिदासानं तिचं वर्णन केलंय. विजेच्या भट्टीपुढचा माणूस रोज काय वेगळं करतो? समोर वितळलेलं लोखंड, बाजूला लाल गज, वर तापलेला पत्रा. मग त्याला तपाचं पुण्य का नाही? मी बरेच दिवस याचं उत्तर शोधत होते, आणि ते फार साधं निघालं. पार्वती उठू शकत होती. हा उठला तर हजेरी जाते. गीतेतच सतराव्या अध्यायात शरीराला निष्कारण जाळणाऱ्या तपाला आसुरी म्हटलंय, आणि तेही जो स्वतःला जाळतो त्याच्याबद्दल. दुसऱ्याला जाळून जे साधतं त्याला तप म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नसणार.

आमच्या समोरचे भैया भट्टीवर आहेत, ठेकेदाराकडे. दुपारच्या पाळीला जाताना बोरे-बासी खाऊन जातात: रात्रीचा भात पाण्यात, कांदा, चटणी. छत्तीसगड सरकारनं २०२२ साली कामगार दिनाला बासी दिवस केला होता, फोटोबिटो निघाले. चांगलंच झालं, बासीला मान मिळाला. एकदा मी भैयांना बरीच कळकळ दाखवली, तर म्हणाले, 'दीदी, भट्ठी के आगू म गरमी नइ लगय, घर आके लगथे.' भट्टीसमोर लागत नाही, घरी आल्यावर लागते. मी गप्प बसले. नर्सला कीव करायची सवय असते, आणि कीव केली की समोरचा माणूस लहान होतो. भैयांच्या अंगी तितिक्षा आहे, अगदी व्याख्येतली. त्यांनी रडगाणं गायलेलं मी ऐकलेलं नाही. त्यांच्या दारात तिवईवर माठ असतो, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. तो भरणं त्यांच्या मुलीचं काम, आणि ती विसरली तर तिला ओरडा बसतो. त्यांच्या सोसण्याला मी कोण मोठं किंवा छोटं म्हणणार? मला जाच होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. त्यांच्या या गुणावर दुसऱ्या कुणाचा तरी नफा उभा आहे. दुसऱ्याच्या मेहनतीवर जगणाऱ्याला आपण नाव ठेवतो. दुसऱ्याच्या सहनशीलतेवर जगणाऱ्याला काय म्हणायचं?

तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात मला याचं उत्तर सापडलं नाही. सापडलं ते घरातल्या आणि देवळातल्या रीतीत, जिला विद्वान लोक कर्मकांड म्हणून खालच्या पायरीवर ठेवतात. पंढरपुरात पाडव्यापासून मृगापर्यंत विठोबाला चंदनाची उटी लावतात. वैशाखात महादेवाच्या पिंडीवर गळती टांगतात, थेंब थेंब पाणी. पुरीचा जगन्नाथ तर ज्येष्ठी पौर्णिमेला एकशे आठ घागरींनी न्हातो आणि मग तापानं पंधरा दिवस अंथरूण धरतो. आमच्या रायपुरातही त्याला त्या दिवसांत काढा देतात. आता बघा, शास्त्राप्रमाणे देवाला शीत नाही, उष्ण नाही. तो द्वंद्वांच्या पलीकडचा. तितिक्षा कुणाला सर्वांत सोपी जावी, तर त्याला. पण 'विठोबा, हे येतं-जातं, सोस' असं त्याला कुठल्याही पुजाऱ्यानं सांगितल्याचं मी ऐकलं नाही. मुकाट्यानं चंदन उगाळतात.

माझ्या सासूबाई अक्षय तृतीयेला उदककुंभ द्यायच्या, पितरांच्या नावानं. वाळा घातलेलं पाणी, वर आंबा. इथे त्याच दिवशी अकती असते, पोरी मातीच्या बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात. सासूबाईंना गीता वाचता येत नव्हती. पण स्वतःचं ऊन सोसायचं असतं आणि दुसऱ्याच्या उन्हावर पाणी द्यायचं असतं, हा भेद त्यांच्या हाताला माहीत होता. निर्जळी उपास त्या स्वतः करत. कामवालीला कधी करू दिला नाही.

पाणी देणं म्हणजे आज माठच असायला हवा असं नाही. छताला चुना मारणं हेही पाणी देणंच. पाळीची वेळ बदलणं, आमच्या व्यास तलावाच्या काठी लावलेली झाडं पहिल्या उन्हाळ्यात जगवणं, रात्री चिमणीचं ते यंत्र बंद पडलंय का याची चौकशी करणं, हेही. यांतलं शेवटचं पुण्य सर्वांत अवघड आहे, कारण त्यासाठी अर्ज लिहावे लागतात आणि अर्जाला उत्तर येत नाही.

गेल्या रविवारी मी वर्गात सुचवलं की दुसऱ्या अध्यायाची उजळणी बीरगांवला, माझ्याकडे घेऊ. दुपारी तीनला, पंख्याखाली. पन्ह्याची सोय मी करते, समोरच्या भैयांनाही बोलावते. सगळ्यांना कल्पना आवडली. वही उघडून तारीखही लिहिली गेली: श्रावणातला पहिला रविवार.