कुणाच्या दारी आधी?

गेल्या पौषात आपल्या मंडळाच्या सभेत एक लहानसा प्रश्न निघाला आणि तो सुटला नाही. ज्येष्ठांच्या आरोग्यासाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढावी, याविषयी दुमत नव्हते. मतभेद झाला तो तिच्या विनियोगावरून. बहुतेकांचे म्हणणे असे की, सभागृहात रोज सकाळी योगासनांचा वर्ग चालवावा, महिन्यातून एकदा आहारावर व्याख्यान ठेवावे, रक्तदाब आणि साखर तपासून द्यावी, आणि दार सर्वांना उघडे असावे. दोघातिघांचे म्हणणे मात्र निराळे होते. हा पैसा, आणि त्याहून महत्त्वाचा असा आपला वेळ, ज्या मोजक्या वृद्धांना सर्वाधिक धोका आहे त्यांच्यावरच खर्चावा, असे त्यांचे मत. यावर एका वडीलधाऱ्या सभासदांनी विचारले, "म्हणजे मंडळ आता आपल्यातच पंक्तिभेद करणार?" चर्चा तिथेच थांबली.

पंक्तिभेद हा शब्द आपल्या घरांतून साधेपणाने उच्चारला जात नाही. कुणाचे पणजोबा गायकवाडी चाकरीत सोनगड-व्यारा भागात आले, कुणाचे आजोबा ताप्ती खोऱ्यातल्या रेल्वेबरोबर बारडोलीत उतरले. परक्या मुलखात एकमेकांना धरून राहायचे तर सर्वांना एकाच पंगतीत बसवले पाहिजे, हे त्या पिढ्यांनी जाणले होते. तेव्हा तो शब्द बोचला, यात नवल नाही. मी त्या सभेत गप्प बसलो. मला बोलायचे होते ते माझ्या आत्याविषयी, आणि ते सभेत बोलण्याजोगे नव्हते.

असा वर्ग आपण पूर्वी एकदा एक हिवाळाभर चालवला होता, हे पुष्कळांना आठवत असेल. अठरा सतरंज्या पसरल्या जात. त्यांवर कोण बसे? निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले दोघे, सुनांच्या हाती घर सोपवून मोकळ्या झालेल्या काही भगिनी, आणि प्रस्तुत लेखक. आम्ही सर्वच वर्गाच्या आधीही पहाटे फिरत होतो, आणि वर्ग बंद पडल्यावरही फिरत राहिलो. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराच्या, प्रा. माणिकरावांच्या गोष्टी ऐकत वाढलेली ही पिढी. व्यायाम तिला शिकवावा लागत नाही. आमची आत्या दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहत होती. ती एकदाही आली नाही. तिला निमंत्रण नव्हते असे नाही, सूचनाफलकावर होते. तिच्याकडे पहाटे घालून बाहेर पडण्याजोग्या चपला नव्हत्या, रस्ता ओलांडायला हात नव्हता, आणि चार माणसांत जमिनीवर बसल्यावर पुन्हा उठता येईल याची खात्री नव्हती. यांपैकी काहीही तिने कुणाला सांगितले नाही. "मला काय झालंय? मी दिवसभर कामातच असते," एवढेच ती म्हणे.

ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे एक डॉक्टर वेल्समधल्या ग्लिनकोरग या खाणकामगारांच्या खेड्यात आयुष्यभर दवाखाना चालवीत होते. १९७१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी एक लेख लिहिला आणि त्यात एका दुःखद नियमाला नाव दिले. चांगली आरोग्यसेवा जिथे तिची गरज अधिक असते तिथे नेमकी कमी मिळते, असा तो नियम. त्याला ते काळजीचा उलटा नियम म्हणत. त्यांच्यापुढे बाजारावर चालणाऱ्या सेवेचे उदाहरण होते. आपला वर्ग तर फुकट होता, तरीही तो नियम आपल्या सभागृहात तंतोतंत लागू पडला. उघडे दार ज्याला चालता येते त्यालाच उघडे असते.

आता सरकारी व्यवस्थेकडे वळू. कारण निवडीचे काम तिथे कधीच सुरू झालेले आहे. आपल्याकडे येणाऱ्या आशा कार्यकर्तीच्या हाती एक तक्ता असतो. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांसारख्या रोगांसाठी तीस वर्षांवरील प्रत्येकाची माहिती तो घेतो आणि गुण देतो. तंबाखू रोज असेल तर दोन. रोज मद्य घेणाऱ्याला एक. कमरेचा घेर बायकांचा ८० आणि पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या वर गेला की एक, आणखी दहाने वाढला की दोन. आठवड्याला दीडशे मिनिटांची हालचाल नसेल तर एक. आईवडील किंवा भावंडे यांपैकी कुणाला मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असेल तर दोन. बेरीज चारच्या वर गेली की त्या व्यक्तीस तपासणीसाठी अग्रक्रम. तक्ता मला आवडतो. त्यात कुणाची जात नाही, शिफारस नाही, आणि तो दारापर्यंत चालत येतो. पण साठी ओलांडलेल्याला नुसत्या वयाचेच चार गुण मिळतात. म्हणजे आणखी एक गुण पडला की तो धोक्यातला. आपल्या मंडळातले जवळजवळ सगळेच मग धोक्यातले ठरतात, आणि सगळेच धोक्यातले म्हटल्यावर आधी कुणाकडे जायचे हे काही कळत नाही.

माझे गुण झाले सात. वयाचे चार, पोटाचा एक, वडिलांच्या मधुमेहाचे दोन. आत्याचे चार. ती कृश होती, तंबाखू नाही, घराण्यात कुणाला काही झाल्याची नोंद नाही, आणि "दिवसभर कामातच असते" हे उत्तर लिहिणारीने सरळ मनाने लिहून घेतले. कागदावर तिच्याहून मला धोका अधिक होता. साठीपुढच्यांसाठी तक्त्यात आणखी काही प्रश्न आहेत: उभे राहताना वा चालताना तोल जातो का, रोजच्या कामांत कुणाची मदत लागते का, घरच्यांची नावे विसरतात का. तिने तिन्हींना नाही म्हटले. आपल्या बायका याहून वेगळे काय म्हणतील? पण संध्याकाळी एकटीसाठी काय स्वयंपाक करायचा म्हणून ती दुपारचा भात आणि लोणचे यांवर भागवी, आणि गेल्या कित्येक महिन्यांत उंबरठ्याबाहेर पडलेली नव्हती. याला गुण नव्हते. श्रावणातल्या एका रात्री ती मोरीपाशी घसरली. खुब्याचे हाड मोडले. पुढचे पाच महिने तिने अंथरुणात काढले आणि संक्रांतीच्या आतच ती गेली. दोष कुणाला द्यायचा? तक्त्याला तर नाहीच. मी रोज पहाटे माझी सहा हजार पावले मोजीत तिच्या बंद दारावरून जात होतो.

कृश माणूस निर्धोक, हा आपला समजही तपासून घेण्यासारखा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपले आणि इंग्लंडमधील आपले सहकारी डॉ. यडकिन यांचे छायाचित्र शेजारीशेजारी छापले. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचे सारखे, पण याज्ञिकांच्या शरीरातील चरबी दुपटीहून अधिक. बारीक अंगकाठीचा भारतीय आतून स्थूल असू शकतो. शिवाय म्हातारपणीचा बारीकपणा पुष्कळदा झिजलेल्या स्नायूंचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद राखणारे व्यायाम सुचवले, ते याच कारणाने. खुर्चीचा आधार घेऊन दहा वेळा उठबस करणे हासुद्धा असा व्यायाम आहे. त्याला सभागृह लागत नाही. शेजारी उभे राहणारे माणूस लागते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे मी हलके मानत नाही. त्या बाजूस जेफ्री रोझ यांच्यासारखा साथरोगतज्ज्ञ उभा आहे. १९८५ साली त्यांनी दाखवून दिले की, थोड्या लोकांना असलेल्या मोठ्या धोक्यापेक्षा पुष्कळांना असलेल्या लहान धोक्यातूनच अधिक रुग्ण निर्माण होतात. साऱ्या समाजाचे मीठ चिमूटभर कमी झाले, तर वेचून काढलेल्या रोग्यांना औषधे देण्याने जे साधते त्याहून अधिक झटके टळतील. हे खरे आहे आणि सरकारने ते सतत ध्यानात ठेवावे. तथापि खमणात आणि फरसाणात मीठ किती पडावे हे आपले मंडळ ठरवीत नाही. जे सर्वांसाठी करायचे ते करण्याचे सामर्थ्य मोठ्या संस्थांकडे असते. आपल्याजवळ त्यांच्याकडे नसलेली एकच गोष्ट आहे: कुठल्या घरात रात्री दिवा एकाच खोलीत जळतो, हे आपल्याला ठाऊक आहे. ते ठाऊक असूनही सगळ्यांना सारखेच निमंत्रण धाडणे ही समता आहे की सोय?

आणि पंगतीचीच उपमा घ्यायची तर तिचा नियम आपण विसरलो आहोत. वाढपी सगळ्यांना एकाच वेळी एकाच मापाने वाढीत नाही. ज्याचे पान रिकामे दिसते तिकडे तो वळतो. दात नसलेल्या आजोबांना भात मऊ करून देतो. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची काळजी घरोघर नेली, तेव्हा तुलनेच्या गावांहून तिथला नवजात मृत्युदर साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्या रीतीत ज्या बाळाला धोका अधिक त्याच्याकडे फेऱ्या अधिक. त्याला कुणी पंक्तिभेद म्हणत नाही. बाळाच्या बाबतीत जे सहज कळते ते म्हाताऱ्याच्या बाबतीत कळायला जड जाते. बाळाला अभिमान नसतो, हे कदाचित त्याचे कारण असेल.

हा अभिमानाचा भाग मात्र खरोखर अवघड आहे. निवडायचे म्हणजे कुणाला तरी दुर्बळ म्हणायचे. बारडोलीत राहणाऱ्याने हे बेफिकिरीने करू नये. १९२८च्या सत्याग्रहाचा आपल्याला अभिमान आहे. पण सारावाढीविरुद्धचा तो लढा जमीनधारकांचा होता. त्यांच्या शेतांत हाळी म्हणून पिढ्यानपिढ्या राबणाऱ्या जमातीचे नावच 'दुबळा' असे पडलेले होते. गांधीयुगात ते टाकून 'हळपती', नांगराचा स्वामी, हे नाव पुढे आले. अनुसूचित जमातींच्या यादीत आजही दोन्ही नावे एका ओळीत सापडतात. नाव बदलल्याने मजुरी वाढली नाही, हे खरे. तरीही दुबळा म्हणून हाक मारून दिलेली मदत घेणाऱ्याला काय वाटत असेल, याचा विचार तेव्हा कुणीतरी केला होता. आपण 'धोक्यातील ज्येष्ठांची यादी' म्हणून कागद फिरवणार असू, तर तो न फिरवलेलाच बरा. यादी दोघांच्या मनात असावी.

आणखी एक अडचण आहे. तिचे उत्तर मजपाशी नाही. आपली यादी आपल्या सभासदांची होणार. पण दिवाळीच्या सुमारास धुळे-नंदुरबारकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या या तालुक्यात येतात आणि उन्हाळ्यापर्यंत गावाबाहेरच्या पडावांत राहतात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७०च्या दशकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हापासून हे जगाला ठाऊक आहे. नवराबायको मिळून एक कोयता. आणि त्यांच्या पोरांना सांभाळायला कधी एखादी म्हातारी. तिची अहिराणी आपल्या कानाला परकी नाही. सर्वाधिक धोका कुणाला, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला तर तो आपल्या गल्लीत थांबत नाही, तिच्या खोपीपर्यंत जातो. तसे गेलो तर मंडळाचे मंडळपण कुठे राहते, असे मला सभेत विचारले जाईल. विचारावे.

तूर्त आम्ही दोघांनी मंडळाच्या ठरावाची वाट न पाहता चार घरी जायला सुरुवात केली आहे. पहिल्या घरी दार उघडायला बराच वेळ लागला. गृहस्थ चौऱ्याऐंशीचे, पत्नी जाऊन तीन वर्षे झाली, मुलगा परदेशात. आम्हाला पाहून त्यांनी पहिला प्रश्न केला, "माझे नाव कुणी दिले?" आम्ही म्हटले, कुणी नाही, चहा प्यायला आलो. ते काही वेळ उंबरठ्यातच उभे राहिले. मग आत वळले, भिंतीला हात लावीत स्वयंपाकघराकडे निघाले, आणि तिथून आवाज आला, "साखर किती घालू?"