सहीच्या आधी

1983 च्या सप्टेंबरात सोव्हिएत लढाऊ विमानाने सखालिन बेटाजवळ कोरियन एअरलाइन्सचं 007 क्रमांकाचं विमान पाडलं. 269 माणसं गेली. त्यांच्या नातेवाइकांचं प्रकरण 1989 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलं, तेव्हा वाद चालला होता तिकिटावरच्या अक्षरांच्या आकारावर. भरपाईला 75,000 डॉलरची मर्यादा आहे, ही सूचना दहा पॉइंटच्या टायपात छापायला हवी होती. कंपनीने ती आठ पॉइंटमध्ये छापली होती. सूचनाच नियमाप्रमाणे दिली नाही, तर मर्यादेचा आधार कसा घेता, असा नातेवाइकांच्या वकिलांचा प्रश्न होता. न्यायालयाला तो पटला नाही. ही मर्यादा पुढे तुटली, पण ती ज्यूरीने कंपनीवर जाणूनबुजून केलेल्या गैरवर्तनाचा ठपका ठेवला म्हणून.

घरातलं माणूस गेलेल्यांवर तिकिटावरच्या अक्षरांची उंची मोजायची वेळ यावी, हे मला त्या निकालापेक्षाही जास्त खटकतं. त्याचं मूळ 12 ऑक्टोबर 1929 रोजी वॉर्सा इथे झालेल्या करारात आहे. विमान वाहतूक तेव्हा बाल्यावस्थेत होती. एका अपघाताने कंपनी बुडेल, विमा मिळणार नाही, भांडवल येणार नाही, ही भीती खरी होती. म्हणून राष्ट्रांनी एक सौदा केला. कंपनीची चूक सिद्ध करायचं ओझं प्रवाशाच्या वारसांवरून काढून घेतलं. त्या बदल्यात भरपाईला 1,25,000 सुवर्ण फ्रँकची, म्हणजे तेव्हाच्या सुमारे 4,900 डॉलरची कमाल मर्यादा घातली. जेआरडी टाटांनी कराचीहून मुंबईला टपालाचं विमान आणलं 1932 साली, आणि हा करार आपल्याकडे लागू करणारा कायदा झाला 1934 साली. देशात प्रवासी विमानसेवा जेमतेम सुरू होत होती, तेव्हाच मेलेल्या प्रवाशाची कमाल किंमत कायद्यात लिहून झाली होती.

त्या काळाच्या हिशेबाने हा सौदा अन्यायाचा होता असं मी म्हणणार नाही. अन्याय पुढे झाला. उद्योग वाढला, जेट विमानं आली, कंपन्या धनाढ्य झाल्या, तरी बाळाला द्यायचं संरक्षण चालूच राहिलं. 1955 मध्ये हेग इथे मर्यादा दुप्पट केली, 1966 मध्ये अमेरिकेशी संबंधित उड्डाणांसाठी ती 75,000 डॉलर झाली. ही सगळी वाढ कंपन्या आणि सरकारं आपसात ठरवत होती. त्या टेबलाशी मृतांच्या घरातलं कोणी नव्हतं.

मर्यादेची भिंत ओलांडता येत नाही म्हटल्यावर वकिलांनी दुसरीकडून वाट काढली. 3 मार्च 1974 रोजी पॅरिसजवळ टर्किश एअरलाइन्सचं डीसी-10 कोसळून 346 जण गेले. मालकक्षाचा दरवाजा हवेत उघडला होता, आणि त्या दरवाज्यातला दोष विमान बनवणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होता. करार विमान कंपनीला वाचवतो, कारखान्याला नाही, हे तेव्हा ठळकपणे पुढे आलं. देशोदेशीच्या कुटुंबांचे दावे लॉस एंजेलिसमध्ये उभे राहिले. आपल्याकडे 1 जानेवारी 1978 च्या संध्याकाळी एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ वांद्र्यासमोर समुद्रात पडलं, 213 जण गेले. त्यातल्या कुटुंबांनीही अमेरिकेत विमान आणि उपकरणं बनवणाऱ्यांवर दावा केला. 1985 मध्ये तो फेटाळला गेला. दरम्यान 1981 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने परदेशी फिर्यादीने अमेरिकन न्यायालय निवडलं तरी त्या निवडीला तितकंसं वजन देण्याची गरज नाही, असं ठरवून ही वाट अरुंद केली होती.

पैसे किती, या प्रश्नाच्या खाली एक जास्त अवघड प्रश्न दबलेला होता: भरपाई नक्की कशाची? 007 च्याच एका प्रकरणात, एका मृत स्त्रीची आई आणि बहीण सोबत हरवल्याची भरपाई मागत होत्या. जानेवारी 1996 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भर समुद्रावरच्या मृत्यूला 1920 चा कायदा लागतो आणि त्यात फक्त आर्थिक नुकसान मोजलं जातं. सहाच महिन्यांनी, जुलैत, न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेलं टीडब्ल्यूएचं 800 क्रमांकाचं विमान लाँग आयलंडजवळ समुद्रात कोसळलं. मृत 230 जणांमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या माँटूर्सव्हिल या छोट्या गावच्या शाळेच्या फ्रेंच क्लबची 16 मुलं होती आणि त्यांच्याबरोबर गेलेली पाच मोठी माणसं. शाळकरी मूल कमावत नाही. उलट आईबापच त्याच्यावर खर्च करत असतात. म्हणजे 1920 च्या कायद्याच्या वहीत या मुलांच्या जाण्याने घराचं काहीच नुकसान झालेलं नव्हतं.

त्या आईबापांनी पुढची चार वर्षं जे केलं, ते या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचं वाटतं. ते वॉशिंग्टनला जात राहिले, खासदारांना भेटत राहिले. एप्रिल 2000 मध्ये कायदा बदलला: विमान अपघातात माया, आधार आणि सोबत हरवल्याचीही भरपाई मागता येईल. आणि तो लागू केला मागच्या तारखेपासून, 16 जुलै 1996 पासून. टीडब्ल्यूएचं विमान पडलं 17 जुलैला. कायद्याच्या पुस्तकातली ती एक दिवस आधीची तारीख त्या आईबापांनी मिळवलेली आहे.

याच काळात दुसरा एक विचार आकाराला आला. 1994 मध्ये पिट्सबर्गजवळ यूएसएअरचं विमान पडून 132 जण गेले होते. त्या आणि इतर अपघातांतल्या कुटुंबांनी संघटित होऊन सांगितलं की भरपाईच्या आधीही तुम्ही आमचं काही देणं लागता. प्रवाशांची यादी वेळेवर द्या, तपासाची माहिती टीव्हीच्या आधी आम्हाला द्या, आणि पहिल्या दिवसांत आमच्या मागे लागू नका. 1996 च्या अमेरिकन कायद्याने हे मान्य केलं. अपघातानंतर 30 दिवस, पुढे 45 दिवस, कोणाही वकिलाने स्वतःहून कुटुंबाशी दाव्याबद्दल संपर्क करायचा नाही. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणाऱ्यांना आवर घालायला हा नियम केला, असं सगळे सांगतात. त्यातली दुसरी अर्धी बाजू सहसा सांगितली जात नाही. ही बंदी ज्यांच्यावर दावा होऊ शकतो त्यांनाही आहे. विमान कंपनीलाही त्या 45 दिवसांत तडजोडीचा विषय घेऊन घरी येता येत नाही.

ही दुसरी बाजू किती महत्त्वाची आहे, ते इंडोनेशियात दिसलं. ऑक्टोबर 2018 मध्ये लायन एअरचं 737 मॅक्स जावा समुद्रात कोसळून 189 जण गेले. काही आठवड्यांतच नातेवाइकांपुढे कागद आले. 1.3 अब्ज रुपिया, म्हणजे नव्वद हजार डॉलरच्या आसपास, घ्या आणि सही करा. त्यातले 1.25 अब्ज त्यांना देशाच्या नियमाने तसेही मिळायचेच होते. कागद मात्र हक्कसोडपत्राचा होता: लायन एअर, बोईंग आणि सोबत जोडलेल्या यादीतल्या शेकडो कंपन्यांवर पुन्हा कधीही दावा करणार नाही. विमानाच्या एमसीएएस यंत्रणेने वैमानिकाच्या हातून विमान कसं हिसकावलं, ते तेव्हा कुटुंबांना कोणी समजावून सांगितलेलं नव्हतं. काहींनी सह्या केल्या. घरातला कमावता गेला आहे आणि समोर पैसे ठेवले आहेत, अशा माणसाने सही केली तर त्याला दोष देण्याचा अधिकार कोणाला आहे?

ज्यांनी सही केली नाही, वकील केले आणि अमेरिकेत दावे लावले, त्यांच्यातल्या काहींच्या वाट्याला आणखी एक घाव आला. डिसेंबर 2020 मध्ये शिकागोच्या न्यायालयात उघड झालं की लॉस एंजेलिसच्या एका नामांकित वकिलाने तडजोडीतून आलेले, त्यांच्या हक्काचे वीस लाखांहून अधिक डॉलर त्यांना दिलेच नव्हते. तेव्हा ‘वकील द्या’ एवढं म्हणून भागत नाही. वकील कोणाला जबाबदार आहे, तेही विचारावं लागतं. आपण ते भोपाळपासून जाणतो. 1984 च्या वायुगळतीनंतर परदेशी वकील तिथे जाऊन वकीलपत्रांवर अंगठे घेत होते. ते थांबवायला सरकारने 1985 मध्ये कायदा करून सगळ्या पीडितांचं वकीलपत्र स्वतःकडे घेतलं, आणि 1989 मध्ये त्यांना न विचारता 47 कोटी डॉलरवर तडजोड केली.

आपल्या विमान अपघातांचा हिशेब तर वर्षांतच सांगावा लागतो. 19 ऑक्टोबर 1988 रोजी मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान अहमदाबादला उतरताना पडलं, 133 जण गेले. कुटुंबं संघटना करून लढली. गुजरात उच्च न्यायालयाचा निकाल आला 2009 मध्ये, 21 वर्षांनी. त्याच वर्षी भारत 1999 च्या मॉन्ट्रियल करारात सामील झाला. या कराराने जुना सौदा उलटा केला. मर्यादेपर्यंतची भरपाई कंपनीची चूक असो-नसो द्यायची. त्यापुढच्या दाव्याला कमाल मर्यादाच नाही, फक्त आपली चूक नव्हती हे कंपनीने सिद्ध करायचं. ही पहिली पायरी आज 1,51,880 एसडीआर आहे, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या या हिशेबी चलनात. रुपयांत पावणेदोन कोटींहून जास्त.

करार लागू झाला आणि वर्षभरात, 22 मे 2010 रोजी, दुबईहून आलेलं विमान मंगळूरला धावपट्टीपलीकडे दरीत गेलं. 158 मृत्यू. तेव्हाची पहिली पायरी, एक लाख एसडीआर, प्रत्येक कुटुंबाला किमान मिळालीच पाहिजे, असं केरळ उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी 2011 मध्ये म्हटलं. काही आठवड्यांत खंडपीठाने ते फिरवलं: नुकसान सिद्ध कराल तेवढंच मिळेल. म्हणजे आखातात मजुरी करणाऱ्याचं घर आणि व्यवस्थापकाचं घर पुन्हा पगाराच्या चिठ्ठीवर तोललं जाणार. एका अधिकाऱ्याच्या कुटुंबाला 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 7.64 कोटी रुपये आणि नऊ टक्के व्याज दिलं. पगारातले भत्ते वेगळे काढून उत्पन्न कमी दाखवता येणार नाही, ही त्या निकालातली गोष्ट प्रत्येक नोकरदाराच्या घराने लक्षात ठेवावी अशी आहे. पण ते कुटुंब दहा वर्षं टिकलं, म्हणून तिथे पोचलं.

12 जून 2025 ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं एआय-171 विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातले 241 आणि जमिनीवरचे 19 जण गेले. इतक्या वर्षांच्या प्रवासानंतर कायदा कुठे पोचला आणि कुठे थांबला, ते या एका अपघातात दिसतं. मॉन्ट्रियल करार प्रवाशांचा आहे. ज्याचं कायमचं घर ब्रिटनमध्ये, त्याच्या वारसांना तिथल्या न्यायालयात जाता येतं. शेजारच्या सीटवरचा परतीचं तिकीट काढून निघालेला भारतीय असेल, तर त्याच्या वारसांचा दावा सहसा इथेच. डोंबिवली, बदलापूर, पनवेलहून कामावर गेलेले कर्मचारी या करारात प्रवासी ठरत नाहीत. त्यांच्या घरच्यांसाठी अपघाताच्या वेळी लागू असलेला 1923 चा कामगार भरपाईचा कायदा आणि नोकरीच्या अटी. आणि दुपारचं जेवण घेत असलेले विद्यार्थी कोणत्याच तिकिटावर नव्हते. त्यांच्या आईबापांना दिवाणी कायद्याने सगळं पहिल्यापासून सिद्ध करावं लागेल. तपास अहवालाकडे सगळे डोळे लावून बसतात, पण असा अहवाल पुढचा अपघात टाळण्यासाठी लिहिला जातो. दोष किंवा भरपाई ठरवणं हा त्याचा हेतूच नसतो.

एवढं सगळं शोकाच्या पहिल्या महिन्यात, डीएनए अहवाल, मृत्यू दाखला आणि वारस प्रमाणपत्राच्या धावपळीत, कोणत्या घराला एकट्याने कळेल? म्हणून माझी मागणी साधी आहे. अपघातानंतर ठरावीक दिवस कोणत्याही हक्कसोडपत्रावर सही घ्यायला कायद्याने बंदी हवी, आणि कंपनीच्या पैशावर न चालणारा वकील प्रत्येक कुटुंबाकडे सरकारी खर्चाने जायला हवा. यातली पहिली गोष्ट संसदेने करायची आहे. दुसरीची तरतूद आपल्याकडे आधीच आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 12 मध्ये सामूहिक आपत्तीच्या बळींना मोफत वकील मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे, आणि त्यांच्यासाठी 2010 ची वेगळी योजनाही आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाचं कार्यालय असतं. ते कुटुंबाच्या दारी गेलं पाहिजे. कुटुंबाने ते शोधत फिरावं ही अपेक्षाच चूक आहे.

तोवर, तुमच्या ओळखीत असं घर असेल तर त्यांना दोन गोष्टी सांगा. तातडीची मदत म्हणून आलेले पैसे घ्यायला हरकत नाही, पण ‘अंतिम’, ‘पूर्ण’ किंवा ‘पुढील दावा नाही’ असे शब्द असलेल्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत फोन 15100 आहे. आणि मॉन्ट्रियल कराराखाली विमान कंपनीवरचा दावा दोन वर्षांत दाखल झाला नाही तर तो हक्कच संपतो. एआय-171 साठी ही मुदत 12 जून 2027 पर्यंत आहे.