वरचा दोरा, खालचा दोरा

दोष जेथे दिसतो तेथेच तो असतो, असे मानण्याकडे मनुष्याची स्वाभाविक प्रवृत्ती आहे. ही समजूत किती फसवी आहे, हे नीतिशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा साधे शिवणयंत्र अधिक रोखठोकपणे शिकवते.

भिलाईच्या हुडको वसाहतीतील एखाद्या मराठी घरी जुन्या लुगड्यांची गोधडी यंत्रावर शिवावयास घेतली आहे, अशी कल्पना करावी. हाताने घातलेल्या धावदोऱ्यात दोरा एकच. त्याचा ताण शिवणाऱ्या बाईच्या बोटांना कळतो. यंत्राचे तसे नाही. १८४६ साली एलियस हाऊ याने अमेरिकेत ज्या यंत्राचे पेटंट मिळवले, त्याच्या टाक्यात दोरे दोन. एक सुईतून येणारा, दुसरा खाली दडलेला. आजच्या यंत्रात तो बॉबिनमध्ये असतो. दोघांची गुंफण कापडाच्या थरांत मधोमध पडली पाहिजे. वरचा दोरा फार ताणलेला असला तर तो खालच्याला ओढून पृष्ठभागावर आणतो. सैल असला तर गोधडीच्या पाठीवर दोऱ्याची वेटोळी साचतात.

या वेटोळ्यांपाशीच न्यायाचा प्रश्न उभा राहतो. घोटाळा खाली दिसतो, म्हणून नवशिका बॉबिनचा स्क्रू पिळू लागतो. वस्तुतः अपराध बहुधा वरच्याचा असतो. दाबाचा पाय खाली असताना दोरा ओवला, तर ताणाच्या तबकड्या मिटलेल्या राहतात. दोरा त्यांच्यात बसतच नाही आणि ताणावाचून मोकाट धावतो. म्हणून जाणता कारागीर प्रथम पाय उचलून वरचा दोरा पुन्हा ओवतो. मग वरचे टेन्शन थोडे फिरवून पाहतो. बॉबिनच्या स्क्रूला हात लावतो तो सर्वांत शेवटी, आणि तोही अगदी किंचित.

आपल्यापैकी ज्यांच्या हाती अधिकार आहे, त्यांनी हा क्रम मनाशी धरावा. कचेरीतला घोळ उघड होतो तो खालच्या टेबलावर. संशयही तेथेच जातो आणि स्क्रूही तेथलाच पिळला जातो. वरून आलेला हुकूमच ढिला होता काय, हे विचारावयाचे राहून जाते.

यावर कोणी म्हणेल, दोघांना सारखाच ताण द्यावा म्हणजे झाले. परंतु समता इतकी सोपी नाही. दोन सुती थरांना जुळलेला आकडा, मध्ये लुगड्यांच्या चार घड्या येताच निरुपयोगी ठरतो. दोरा जाड झाला की पुन्हा बिनसते. समतोल आकड्यात नसून गाठ कोठे पडते यात असतो. तो पारखण्यासाठी तशाच थरांच्या तुकड्यावर, वर एका रंगाचा व खाली दुसऱ्या रंगाचा दोरा घालून, चार टाके टाकून पाहावेत. कोण कोणाला ओढतो आहे, ते तेव्हा लपत नाही.

ही पारख वरच्याने आधी स्वतःची करून घ्यावी, यातच अधिकाराची नीती आहे. खालचा दोरा दर्शनी बाजूस दिसू नये, ही शिवणाची रीत खरी. पण तो दिसत नाही म्हणून त्याच्यावर ताण नाही, असे समजणे हा अन्याय होय. गोधडी टिकते ती दोघांच्या ओढीवर.