शून्य कुठलं धरायचं?

वसईच्या किनाऱ्यावर उभे राहा. एखादं जीपीएस यंत्र खुशाल सांगेल, तुमची उंची उणे साठेक मीटर! बुडालात म्हणायचे! पण यंत्र खोटं बोलत नाही. ते मोजतं पृथ्वीच्या गणिती, गुळगुळीत लंबगोलापासून. समुद्र ऐकतो गुरुत्वाकर्षणाचं, आणि आपल्याकडे तो त्या लंबगोलाच्या बराच खाली राहतो. हा फरक जमेस धरला नाही की घोटाळा. शिवाय उपग्रह सगळे डोक्यावर. पायाखालून साक्ष द्यायला एकही नाही. म्हणून उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी.

आम्हां बँकवाल्यांना हे चटकन कळतं : आरंभीची शिल्लक चुकली की पुढची सगळी बेरीज चोख असूनही वाया. माणसं मोजताना मात्र आपण आरंभीची शिल्लक बघतच नाही. विरार लोकलमध्ये धक्के खात चौथी सीट मिळवलेला आणि जन्मतःच खिडकीशी बसलेला, यांत वर कोण आलं? निकाल देण्याआधी एवढं तरी विचारावं : बाबा रे, तुझं शून्य कुठलं?