खाली कुणाला ऊन मिळतं?

कॉर्कमध्ये राहत असाल, तर एप्रिलच्या अखेरीस एक दिवस काढून ग्लेनगारिफच्या रानात जाऊन या. बँट्रीच्या उपसागराजवळची ही ओकची जुनी झाडी १९९१पासून राखीव जंगल आहे. वसंत म्हटला की आपल्याला वर बघायची सवय असते: निष्पर्ण पळस, पांगारा, आंब्याचा मोहोर. इथे मात्र मान खाली घालून चालावं लागतं, कारण इथला वसंत आधी जमिनीवर उतरतो.

त्यामागे उन्हाचा हिशेब आहे. ओकची पालवी पूर्ण भरेपर्यंत काही आठवडे ऊन थेट जमिनीपर्यंत पोचतं. तेवढ्या मुदतीत खालच्या झाडोऱ्याला वर्षाची बेगमी करून घ्यायची असते. आधी पिवळी सेलँडाईन, मग पांढरी वुड ॲनिमोनी, मग निळी ब्लूबेल. वुड सॉरेलची तीन पानं तर ओळखीचीच वाटतील. आपल्या आंबोशीची ती चुलत बहीण. वर छत मिटलं, की यांतली बरीचशी मंडळी पुन्हा कंदात आणि मुळांत जाऊन बसतात.

आता याच भागात रोडोडेंड्रॉनची जाळी कुठे दिसली, तर तिच्याखाली वाकून बघा. वर जांभळ्या फुलांचे सुरेख घोस, आणि खाली काळोख. हे झुडूप बारा महिने हिरवं असतं, त्यामुळे वसंतातली ती उन्हाची फट उघडतच नाही. खाली फूल नाही, ओकचं रोपही नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी ते हौसेनं लावलं. आज पश्चिम कॉर्क आणि केरीत माणसं ते तोडत असतात.

‘परकं आहे, आक्रमक आहे, काढून टाका.’ खिशात आयआरपी कार्ड बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांना हे शब्द जरा टोचतात. मग झाडाची बाजू घ्यावीशी वाटते: त्याला इथे आणलं कुणी, आणि शिक्षा कुणाला?

पण नीट पाहिलं, तर ‘परकं’ या शब्दानं काहीच ठरत नाही. गॉलवेतल्या गोर्टजवळ याच रोडोडेंड्रॉनचे लाखो वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत; दोन हिमयुगांमधल्या उबदार काळात ते इथलंच होतं. उलट, आयरिश जेवणातला बटाटा आणि आपल्या फोडणीतली मिरची, दोन्ही अमेरिकेहून आलेल्या. त्यांना कुणी परकं म्हणत नाही. आणि १९५०च्या दशकात पुण्यात नजरेत भरलेलं गाजर गवतही अमेरिकेचंच, पण त्याला उपटताना आपला हात अडखळत नाही. मूळ गाव पाहून निवाडा करायचा, तर हे तिन्ही एकाच रांगेत उभे करावे लागतील.

म्हणून मला वाटतं, विचारायचा प्रश्न एवढाच आहे: याच्या खाली इतरांना ऊन मिळतं का? ग्लेनगारिफमध्ये रोडोडेंड्रॉन त्या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही. त्यात त्याचा गुन्हा नाही. पण त्याला हात न लावणं म्हणजे अहिंसा, असंही नाही. कुऱ्हाड खाली ठेवली, तरी ओकच्या रोपाविरुद्ध निर्णय झालेलाच असतो. फक्त तो आपल्या नावावर लागत नाही.

हीच कसोटी माणसांना लावायचा मोह मात्र आवरायला हवा. झाडाला आपली सावली आखडून घेता येत नाही. माणसाला येते. त्यामुळे झाडाबद्दलचा निर्णय इतरांना घ्यावा लागतो आणि माणसाला स्वतःचा स्वतः घेता येतो. कुणाला उपटण्याची भाषा माणसांत आली, की हा फरक पुसला जातो, आणि त्याची झळ कुणाला बसते हे तुम्हाला सांगायला नको.

आपल्या वाट्याचा निर्णय बहुधा परसातला असतो. भाड्याचं घर सोडून स्वतःचं घेतलं, की पहिल्या उत्साहात आपण कुंपण लावतो, कंद आणतो. स्पॅनिश ब्लूबेल दिसायला देखणी, पण इथल्या ब्लूबेलशी तिचा संकर होतो. तीनधारी देठाची रानलसूण चटणीला छान, पण एकदा पसरली की आवरत नाही. ही दोन्ही, आणि रोडोडेंड्रॉनही, आयर्लंडच्या २०११च्या नियमांनी निर्बंधांच्या यादीत घातली. तेव्हा लावण्याआधी नाव विचारा, आणि बागेतला कचरा रानाच्या कडेला टाकू नका. या भूमीत आपली मुळं किती खोल गेली आहेत, हे ठरण्याची वाट त्यासाठी पाहावी लागत नाही.