घर कुणाचं सोडायचं?

आजचं वाचन : ज्ञानेश्वरी, अध्याय तेरावा. ज्ञानाच्या लक्षणांपैकी मुलं, बायको, घर यांत गुंतून न पडण्याचं लक्षण.

माउलींनी इथे फार साधे दृष्टांत दिले आहेत. वाटसरू बिऱ्हाडी उतरतो, रात्र काढतो, सकाळी निघतो. ज्ञानी माणूस देहात असा राहतो. आणि चालता चालता वाटेत झाडाची सावली लागली, तर तिच्याबद्दल जेवढी ओढ वाटावी, तेवढीही त्याला घराबद्दल नसते.

ओवी ऐकायला गोड आहे. भाड्याच्या घरात राहून तिच्यावर मान डोलावणं सोपंही आहे. पण सध्या उरवड्याला आमच्या घराचं काम चालू आहे. पिरंगुटवरून आत वळलं की लागणारं हे गाव. दिवाळीआधी जोतं झालं, माघात स्लॅब पडला, वीटकाम झालं, आतला गिलावा संपत आलाय. लाद्या, खिडक्या, रंग बाकी. स्लॅबवर पाणी मारलं का, चौकट ओळंब्यात आहे का, हे विचारल्याशिवाय दिवस जात नाही. वीस वर्षांचे हप्ते डोक्यावर घेऊन उभं केलेल्या या भिंतींना झाडाची सावली कसं म्हणायचं?

एकनाथी भागवतात तर प्रश्न आणखी टोकदार होतो. अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये साप आहे. का? तर तो स्वतः घर बांधत नाही. दुसऱ्याने केलेल्या बिळात सुखाने राहतो. घराचा आरंभ हाच दुःखाचा आरंभ, असा बोध अवधूत त्याच्याकडून घेतो. आता गंमत अशी, की आपल्या मराठीत याच सापावरून ‘आयत्या बिळावर नागोबा’ म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नाही. दोन्ही खरं आहे. सापाला बिळाचा मोह नाही, हे खरं. पण ते बीळ कुणीतरी उकरलेलं असतं, हेही खरं. संन्याशालासुद्धा चातुर्मासात कुणाच्या तरी छपराखालीच बसावं लागतं. आणि हे भागवत लिहिणारे नाथ स्वतः पैठणचे गृहस्थ होते. त्यांच्या दारी पाहुण्याला पान वाढलं जायचं, ते घर होतं म्हणूनच.

म्हणजे घर बांधू नका, एवढाच या बोधाचा अर्थ नसावा. मग काय असावा?

मला याचं उत्तर शोधताना आमच्या तालुक्याचाच इतिहास आठवला. उरवडे मुळशी तालुक्यात येतं. मुळशीचं धरण आपण पावसाळ्यात बघायला जातो. त्या पाण्याखाली गावं आहेत. शंभर वर्षांपूर्वी टाटा कंपनीने मुंबईला वीज पुरवण्यासाठी मुळा नदीवर हे धरण बांधायला घेतलं, तेव्हा मावळ्यांनी घरं-जमिनी सोडायला नकार दिला. 1921 च्या रामनवमीला मुळशी सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. अनेकांच्या जमिनी सावकारांकडे गेलेल्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच सावकारांना मोबदला घेऊन मोकळं व्हायचं होतं. कसणाऱ्याला मात्र तीच माती हवी होती. सत्याग्रह 1924 पर्यंत चालला, मोडला, आणि धरण झालं.

आता कल्पना करा, त्या वेळी कुणी ज्ञानेश्वरी काखेत मारून त्या शेतकऱ्यांकडे गेला असता आणि म्हणाला असता, ‘बाबांनो, घर म्हणजे वाटेवरची सावली. सोडा आस.’ शब्द माउलींचेच असते. पण ते बोलणं पाप ठरलं असतं.

उलट, सेनापती बापट पाहा. विलायतेत एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेलेला माणूस. मनात आणलं असतं तर सुखाचा संसार थाटता आला असता. त्यांनी तो वाऱ्यावर सोडला आणि दुसऱ्यांच्या घरांसाठी तुरुंगात गेले. स्वतःच्या घराबद्दल उदास आणि परक्याच्या घरासाठी जिवावर उदार! मला वाटतं, तेराव्या अध्यायातलं लक्षण अंगी आलेला माणूस असाच दिसत असेल.

अध्यायातला क्रमही तेच सांगतो. घराची आस सोडण्याच्या कितीतरी आधी अहिंसेचं लक्षण येतं. तिथे माउली सांगतात, कमळावर बसणारा भुंगा केसर चुरगळेल म्हणून पाय किती हळुवार ठेवतो. आधी पाय जपून ठेवायला शिका, मग आपलं घर सोडायला. क्रम उलटा केला तर वैराग्याच्या नावाखाली दुसऱ्याचंच घर तुडवलं जातं.

हे सगळं पुस्तकातच राहिलं असतं. पण आमच्या कामावरचे मेस्त्री परभणीकडचे. ते आणि त्यांची माणसं प्लॉटच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांत राहतात. त्यांनी पंधरा दिवस मागितले. गावी त्यांचं स्वतःचं घर गळतंय, मृगाच्या आधी पत्रे बदलायचेत. इकडे आमच्या वास्तुशांतीचा मुहूर्त वैशाखातला. तो चुकला की पुढे चातुर्मास, म्हणजे थेट दिवाळीनंतर. तोवर भाडं आणि हप्ता दोन्ही. ठेकेदार म्हणाला, ‘यांचा हिशेब करून टाकतो, दुसरी टोळी लावतो.’ व्यवहार म्हणून त्यात काही चूक नव्हती. पण घरं बांधणाऱ्याचंच घर गळत ठेवून आपल्या घरात शांती करायची, ती कसली शांती? आपल्याकडे म्हणतात, वास्तू सतत ‘तथास्तु’ म्हणत असते. अशा वेळी ती नेमकं कशाला तथास्तु म्हणेल? बाबा आणि मी बोललो, आणि मेस्त्रींना ‘जाऊन या’ म्हणालो.

प्रश्न इथे सुटला असं वाटतं, पण नाही. आजी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिला नव्या घरात एकदा तुळशीला पाणी घालायचंय. मुहूर्त पुढे गेला हे कळल्यावर ती काही बोलली नाही, पण तिला लागलं. तिच्या वयाला सहा महिने म्हणजे थोडे नाहीत. आणि वैराग्य दुसऱ्याकडून मागायचं नाही, हे ठरलं तर ते आजीकडूनही मागता येत नाही. ‘आजी, घर म्हणजे सावली गं’ असं मी तिला कोणत्या तोंडाने सांगू?

म्हणून येत्या रविवारी तिला उरवड्याला घेऊन जाणार आहोत. गृहप्रवेश नाही, मुहूर्त नाही, लादीही नाही. गिलाव्याच्या भिंतींमध्ये खुर्ची टाकू, तुळशीची कुंडी नेऊ, हरिपाठ म्हणू आणि अंधार व्हायच्या आत परत येऊ. तिची आस यातून पूर्ण भागेल असं नाही. पण तेवढं आमच्या हातात आहे.

हप्ते फिटतील, रंग उडेल, आपणही एक दिवस वाटसरूसारखे उठून जाऊ. तोवर आपल्या भिंतींची सावली जमेल तितक्यांवर पडावी, आणि आपल्या जोत्याखाली कुणाचं घर दडपलं जाऊ नये. एवढंच माउलींच्या चरणी मागणं.

आज वाचन झाल्यावर स्वतःला एकच विचारूया : मी ‘सोड’ म्हणतोय, ते माझं आहे की दुसऱ्याचं?

राम कृष्ण हरी.