डबीत काय गेलं?

माणदेशातल्या एका घरी धाकट्या सुनेला खोकला लागला. तीन आठवडे झाले तरी थांबेना. संध्याकाळी अंगात कणकण, जेवणावर वासना नाही. सासूबाई म्हणाल्या, चुलीचा धूर बाधला असेल. आशाताईंनी मात्र तिला आरोग्य केंद्रात नेलं. तिथं टीबीच्या तपासणीसाठी हातात प्लास्टिकची डबी मिळाली आणि एवढंच सांगण्यात आलं, "यात थुंका."

ओट्यावर गावातली जाणती माणसं बसलेली, त्यांत चुलत सासरेही. लग्न होऊन आल्यापासून जी तोंडाला पदर लावून खोकत आली, ती त्यांच्यादेखत छातीतून खाकरणार कशी? तिनं भिंतीकडे तोंड केलं, तोंडातली लाळ डबीत सोडली आणि झाकण लावलं.

रिपोर्ट आला, निगेटिव्ह.

घरच्यांचा जीव भांड्यात पडला. त्या कागदाच्या भरवशावर आणखी दोन महिने गेले, आणि ते सगळे दिवस तिची लहान मुलगी तिच्याच कुशीत झोपत होती. कागदात खोट नव्हती. लाळेत जंतू दिसले नाहीत, तेच त्यावर लिहिलं होतं. फुफ्फुसातलं काही त्या डबीत गेलंच नव्हतं.

मग एका सकाळी पदराला रक्त लागलं. आशाताई पुन्हा दारात.

"रिपोर्ट चांगला आलाय की गं. परत कशाला?" सासूबाई म्हणाल्या.

"मावशी, तो डबीचा रिपोर्ट होता. वहिनींच्या छातीचा अजून यायचाय."

एक्स-रे काढला. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग. पण डाग टीबीचाच आहे हे एक्स-रे ठामपणे सांगू शकत नाही, न्यूमोनियातही तो दिसतो. जंतू सापडायला हवा होता, आणि त्यासाठी खरा बेडका हवा होता.

दुसऱ्या दिवशी आशाताई उजाडायच्या आधीच आल्या. रात्रभर छातीत साठलेला बेडका पहाटे मिळतो, म्हणून ही वेळ. वहिनींना त्यांनी गोठ्यामागं नेलं. तिथं कुणाची नजर नव्हती, आणि मोकळ्या वाऱ्यावर खोकलं की जंतू कोंडून राहत नाहीत. साध्या पाण्यानं चूळ भरायला लावली. मग छातीवर हात ठेवून स्वतः करून दाखवलं: दोनदा खोल श्वास घ्यायचा, जरा रोखायचा, आणि तिसऱ्या श्वासाला पोटापासून खोकायचं. पहिल्या खेपेला फेसच आला. "हा नको, अजून खालून," त्या म्हणाल्या. चौथ्या खेपेला घट्ट, पिवळसर बेडका डबीत पडला.

सूक्ष्मदर्शकाखाली टीबीचा जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण 10,000 जंतू लागतात. सीबीनॅट यंत्राला शेकड्यानं असले तरी पुरतात, आणि ते दोन तासांत उत्तर देतं. पण असलं यंत्रही डबीत घातलेलंच तपासतं. या वेळी उत्तर आलं: टीबी आहे, आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतो आहे. सहा महिन्यांचा औषधोपचार सुरू झाला. मुलीची आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली.

सासूबाईंनाही थोडा खोकला होता. डबी हातात येताच त्यांनी विचारलं, "कसं काढायचं ते आधी दाखव गं." आणि आपण होऊन गोठ्यामागं गेल्या. त्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. त्यावर मात्र विसंबता आलं.

ही गोष्ट एका घराची म्हणून सांगितली, पण ती एकाच घराची नाही. पाकिस्तानातल्या रावळपिंडीत केलेला एक अभ्यास 2007 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. नुसती डबी दिलेल्या बायकांमध्ये शंभरात आठ जणींच्या बेडक्यात जंतू सापडले. बेडका कसा काढायचा हे आधी समजावून सांगितलं, तिथं तेरा. पुरुषांमध्ये असा फारसा फरक पडला नाही.

तुमच्या घरात कुणाचा खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल, तर सरकारी केंद्रात ही तपासणी फुकट होते. नमुना देणारी बाई असेल, तर घरातली दुसरी एखादी बाई तिच्या सोबत जाऊ द्या, आणि तिला आडोसा मिळेल एवढं बघा.